गावाचं नॉर्मल

दवाखान्यातल्या मशीनने कुमुदिनीबाईंच्या बोटातून थेंबभर रक्त घेतलं आणि पडद्यावर लिहिलं : थायरॉइड तपासणी, टीएसएच चौदा, नॉर्मल.

“अहो सिस्टर, आईच्या जुन्या रिपोर्टवर साडेचारपर्यंतच नॉर्मल लिहिलंय,” बाई घोगऱ्या आवाजात म्हणाल्या. “मला सकाळी उठवत नाही, सारखी थंडी वाजते, केस मुठीने गळतायत. थायरॉइडची गोळी सुरू करा ना.”

“ते पूर्वीचं, बाई. आता मशीन आपल्या गावातल्याच लोकांचे आकडे बघून नॉर्मल ठरवतं. ते हो म्हणेपर्यंत मला गोळी देता येत नाही.”

सिस्टरचा आवाजही तसाच घोगरा होता.

बाई चरकून मागे वळल्या. मे महिन्यातली भर दुपार होती, पंखे बंद होते, आणि रांगेतली सगळी माणसं स्वेटर घालून भिंतीला टेकून पेंगत होती.