मावशींची शेगडी

"आता पेटवून तरी बघा," मालकीणबाई तिसऱ्यांदा म्हणाल्या, आणि आचाऱ्याने तिसऱ्यांदा ते कानाआड केलं.

अंगणात ठेवायच्या गॅसच्या ग्रिलांनी दुकानाचा अर्धा भाग व्यापला होता आणि तासभर तो त्यांच्याभोवती घिरट्या घालत होता. एकीचं झाकण त्याने उचलून सोडून दिलं. ते रिकाम्या डब्यासारखं खणकन आपटलं, तशी ती बाद झाली. दुसरीचे पाय नुसत्या स्क्रूवर उभे होते. "वर्षभरात डुलायला लागेल," तो म्हणाला. तिसरी आरशासारखी चकाकत होती. त्याने खिशातून चुंबक काढून तिच्या अंगाला लावलं. ते टपकन चिकटलं. "हलकं स्टील. उघड्यावर ठेवली की गंजलीच म्हणून समजा."

"काका, तुम्ही ग्रिल घेताय की सून बघताय?" मालकीणबाई म्हणाल्या. "टिकायला तरी किती वर्षं हवी?"

"आयुष्यभर."

"कोणाच्या?"

"जिच्यामुळे माझं लांबलं, तिच्या."

मालकीणबाईंना त्यातलं काही कळलं नाही. बाकावर बसलेल्या त्याच्या बायकोला मात्र कळलं, आणि तिने मान खाली घातली.

नऊ वर्षांपूर्वी तो एका हॉटेलात मुख्य आचारी होता. एका सकाळी पहिली शेगडी पेटवायला गेला आणि भडका उडाला. सगळे बाहेर पळाले. भांडी घासणाऱ्या मावशी तेवढ्या ओलं पोतं डोक्यावर घेऊन आत शिरल्या. त्यांनी सिलिंडर बंद केला, त्याची कॉलर धरली आणि त्याला पोत्यासारखं फरफटत अंगणात आणून टाकलं. कोपरापर्यंत भाजलेला उजवा हात चार महिन्यांत बरा झाला. भीती काही बरी झाली नाही. मालकाने त्याला कोठीवर बसवलं, धान्य आणि तेल मोजून द्यायला. घरी तर चहासुद्धा बायकोच करायची. हा स्वयंपाकघराच्या दाराबाहेर उभा राहून मीठ कमी की जास्त, एवढंच सांगायचा.

मावशींचे आभार मानायला तो कितीदा गेला. "जाऊ दे रे," म्हणून त्या भांड्यांत डोकं खुपसायच्या. नऊ वर्षांत त्यांनी त्याच्याकडे कधी सरळ नजरेने पाहिलं नाही. मोठ्या मनाची माणसं अशीच असतात, असं तो बायकोला सांगायचा. आता मावशी काम सोडून मुलीकडे राहायला गेल्या होत्या. मुलीच्या घरामागे अंगण होतं.

चौथ्या ग्रिलपाशी तो थांबला. झाकण दोन्ही हातांनी उचलावं लागलं. आत बिडाची जाड जाळी, खाली भरीव पितळी बर्नर. बाहेरच्या अंगाला चुंबक लावलं तर ते घसरून खालीच पडलं. त्याने ते उचललंच नाही.

"हीच."

"मग पेटवा," मालकीणबाई म्हणाल्या. "ज्योत न बघता मी कोणालाच देत नाही."

बायको लगबगीने उठली. "मी पेटवते, तुम्ही व्हा बाजूला."

"नको. आता नाही, तर मग कधीच नाही."

त्याने बटण धरलं. बायकोने मागून त्याच्या पाठीवर तळवा टेकवला. बटण फिरलं, खट्‌ आवाज झाला आणि निळी ज्योत या टोकापासून त्या टोकापर्यंत धावत गेली. तो एक पाऊल मागे सरकला, पण पळाला नाही. घामाने शर्ट भिजला होता. "एकसारखी जळतेय," तो हसत म्हणाला, आणि बायकोने पदराने डोळे पुसले.

रविवारी दुपारी मावशींच्या अंगणात त्याने स्वतः ती मांडली, स्वतः पेटवली. मक्याची कणसं भाजली, बटाटे भाजले, मसाला लावलेला मासा जाळीवर अलगद उलटवला. हाताला नऊ वर्षांची सुट्टी पडलीय असं वाटतच नव्हतं. पहिली ताटली भरून त्याने मावशींच्या हातात दिली.

"तुम्ही त्या दिवशी आत आला नसता मावशी, तर आज हे ताट वाढायला मी नसतो."

मावशी ताटली घेऊन तशाच बसल्या. घास उचलेनात. मग त्यांनी ती बाजूला ठेवली.

"मला हे घशाखाली उतरायचं नाही रे. ही शेगडीही तू परत घेऊन जा." त्या ताटलीकडे बघतच बोलू लागल्या. "त्या सकाळी तू यायच्या आधी शेगड्या मीच पुसल्या होत्या. घाईत माझ्याच हातून बटण फिरलं आणि गॅस सुटत राहिला. भडका उडाला आणि माझ्या ध्यानात आलं. कोणाला बोलले नाही. पोटावर पाय आला असता. तू आभार मानायला यायचास, तेव्हा वाटायचं, जमीन फाटावी आणि मी आत जावं."

बायकोच्या हातातलं कणीस हातातच राहिलं.

आचारी मावशींसमोर जमिनीवर उकिडवा बसला. त्यांची ताटली उचलून त्याने पुन्हा त्यांच्या मांडीवर ठेवली. सुरकुतलेल्या कातडीचा आपला उजवा हात त्यांच्या हातावर ठेवला.

"मावशी," तो म्हणाला, "गॅसचा वास मला चांगलाच आला होता. कामावर उशिरा पोचलो होतो, म्हणून तरीही काडी ओढली."