फिरवलेलं ताट

"ढवळू नकोस!" जोविलिन स्वयंपाकघराच्या दारातून ओरडली, तोवर लेर्माचा डाव मडक्यात दोनदा फिरूनही आला होता.

पिनाकबेटची मिसळभाजी ढवळत नाहीत. मडकं दोन फडक्यांनी धरायचं, उचलायचं आणि हिसका द्यायचा. आतली वांगी, भेंडी, कारली आपली आपण वरखाली होतात. डाव घातला की कारलं फुटतं आणि सगळी भाजी कडू होते. बटाक गावातल्या शेंबड्या पोरींनाही हे ठाऊक असतं. लेर्माला ठाऊक नव्हतं असं थोडंच आहे! पण अकरा वर्षं हाँगकाँगच्या मॅडमच्या कढईत उलथनं फिरवून हाताला तेच वळण पडलेलं. हात काही विचारून हलत नाही.

"लक्षातच राहिलं नाही गं," ती म्हणाली.

"आईने कधी ढवळलं नसतं."

आई म्हणजे पुरिंग, लेर्माची थोरली बहीण. लेर्मा म्हणजे मम्मी. चार वर्षांची जोविलिन पुरिंगच्या कडेवर देऊन लेर्मा कामाला गेली, तेव्हापासून या घरात हीच वाटणी.

पंधरा दिवसांची रजा आज संपत होती. पंधराही दिवस पुरिंगनेच रांधलं. आज सकाळी मात्र लेर्मा हट्टालाच पेटली. "ताई, आज तू चुलीकडे फिरकायचंसुद्धा नाहीस. माझ्या पोरीने माझ्या हातचं एकदा पोटभर खाल्लेलं मला बघायचंय. मग मी सुखाने जाते."

बाराच्या सुमाराला तिघी जेवायला बसल्या. पुरिंगने पहिला घास घेतला, जरा थांबली, मग गिळला.

"छान झालंय हं. मीठही बेताचं."

"कडूजहर झालंय," जोविलिन म्हणाली. कारल्याचे तुकडे एकेक करून तिने ताटाच्या पलीकडच्या कडेला सारले आणि नुसता भात खायला लागली.

"अगं, कारलं कडूच असायचं."

"तू करतेस ते नसतं."

"सुका मासा तळून देऊ पटकन?" लेर्माने विचारलं.

"नको. तुम्हाला उशीर होईल."

तुम्हाला! शेजारच्या बाईशी बोलावं तशी बोलली. त्यापेक्षा तिने ताट भिरकावून दिलं असतं तरी लेर्माला बरं वाटलं असतं.

एवढ्यात अंगणात ट्रायसिकल रिक्षाचा भोंगा वाजला. रिक्षावाला बोयेट अर्धा तास आधीच येऊन टपकला होता. "चला काकी, चला! बस भरत आलीये, मागाहून जागा मिळायची नाही!"

लेर्मा घास तसाच ठेवून उठली. ती उठते ना उठते तोच पुरिंगने आपलं ताट जागच्या जागी फिरवलं. जोविलिन जेवत राहिली.

"जोविलिन, ताट फिरव. घरातलं माणूस जेवणावरून उठून प्रवासाला निघालंय. मागे जेवणाऱ्यांनी ताट फिरवलं नाही आणि वाटेत काही बरंवाईट झालं म्हणजे?"

"अकरा वर्षं जातायत त्या. काही होत नाही त्यांना."

"तोंड बघा कारटीचं! फिरव म्हणते ना!"

"राहू दे ताई, जेवू दे तिला," लेर्मा म्हणाली. तिने पोरीच्या डोक्यावर हात ठेवला. पोरीने तो झटकला नाही, पण चावायचीही थांबली नाही.

पुरिंग तणतणतच अर्ध्या जेवणावरून उठली. हात धुतले, फडकं दिसेना तर झग्यालाच पुसले. "मी येते स्टँडपर्यंत. हे धूड तुला एकटीला आवरायचं नाही." दोरीने बांधलेलं खोकं उचलून ती पुढे झाली आणि ट्रायसिकलमध्ये जाऊन बसलीसुद्धा.

लेर्माने पर्स खांद्याला लावली. मागे वळून बघायचं नाही असं तिने मनाशी ठरवलं होतं. उंबऱ्यात पाय अडखळला आणि बघितलंच.

"आई!" जोविलिन हाक मारत होती. नजर लेर्माला ओलांडून पार अंगणात. "आई, कडेला बसू नकोस गं! फाट्यापुढच्या वळणावर नीट धरून बस!"

अंगणात बोयेटने गाडी चालू केली होती. त्या धडधडीत पुरिंगला काय ऐकू जाणार? ती वळली नाही. तेव्हा जोविलिनने घाईघाईने दोन्ही हातांनी ताट धरलं आणि फिरवलं. पलीकडे सारलेलं कारलं फिरून तिच्या पुढ्यात आलं. तिने ते पुन्हा पलीकडे सारलं.

लेर्मा बाहेर येऊन बहिणीशेजारी बसली. फाटा ओलांडला. मग पुरिंगने तिच्या कानाशी तोंड नेलं.

"फिरवलं का गं शेवटी तिने ताट?"

"फिरवलं."

"बघ! मी सांगत नव्हते? तोंडानेच फटकळ आहे. पोटात माया आहे पोरीच्या."

"आहे ना," लेर्मा म्हणाली, आणि वळण आलं तशी तिने पुरिंगचा दंड घट्ट धरला.