तासाभराचा उपास

प्रयोगशाळेतला एसी कोणीतरी मुद्दाम बंद केला होता. लखनौचा जून, दोन दिवस बंद खोली, मग काय राहणार? विभाने तीन वर्षं तळहाताच्या फोडासारखी जपलेली रोपं बाटल्यांतच शिजून काळी पडली होती.

"झालं ते झालं," तिचा नवरा उल्हास म्हणाला. "शनिवारी मी तुझा विसरलेला डबा आणायला गेलो, तेव्हा एसी चालू होता. सोड हे सगळं. वसईला परत जाऊ."

"परत? ज्याने हे केलंय त्याला आधी रडवीन!" विभा कडाडली.

संशय होता पद्मिनीवर. तीही वसईची, विभाच्याच संस्थेत, त्याच खोलीत काम करणारी. कायमची जागा एकच होती आणि दोघींचा डोळा तिच्यावर.

विभाने फादरना सगळं सांगितलं. रविवारी चर्चमध्ये मिस्साच्या वेळी फादर प्रवचनात गरजले, "छुपकर किया हुआ नुकसान सिर्फ़ माफ़ी माँगने से नहीं मिटता. भरपाई करनी पड़ती है. जिसकी नीयत न हो, वह कम्युनियन लेने न आए."

कम्युनियनची, ख्रिस्तप्रसाद घ्यायची, रांग लागली. त्यांचा तीन वर्षांचा माणिक किरकिरायला लागला, म्हणून उल्हास त्याला अंगणात घेऊन गेला. विभा एकेका बाकाकडे बघत होती. सगळे उठले. पद्मिनी तेवढी मान खाली घालून बसून राहिली.

चोराच्या मनात चांदणं! विभाचं डोकं भडकलं.

तोंडावर मात्र ती काही बोलली नाही. चहाच्या वेळी संस्थेतल्या एकीच्या कानाला लागली, गंजच्या बाजारात भेटलेल्या दुसरीच्या कानाला लागली. तेवढं पुरलं. पुढचे रविवार नेहमीसारखे गेले. रांग लागली की उल्हास माणिकला बाहेर नेई आणि विभा ताठ मानेने कम्युनियन घेई. ऑगस्टमध्ये पद्मिनीला मुदतवाढ नाकारली.

लखनौ सोडण्याआधी पद्मिनी विभाच्या महानगर मोहल्ल्यातल्या घरी येऊन दारातच उभी राहिली.

"माझ्याबद्दल तूच बोललीस ना? का गं?"

"मग त्या दिवशी कम्युनियनला का उठली नाहीस?"

"मला शुगर आहे, विभा. चक्कर यायला लागली म्हणून प्रवचन चालू असताना रेवडी तोंडात टाकली. कम्युनियनआधी तासभर काही खायचं नसतं, तुला ठाऊक नाही? एवढ्यावरून माझं नाव नासवलंस? मेले तरी माफ करणार नाही!"

ती ताडताड जिना उतरून गेली.

त्या रविवारी रांग लागली, पण विभाचे पाय उचलेनात. स्वतःचीच चीड येऊन तिच्या मुठी वळल्या होत्या. शेजारी उल्हास उठला. त्याने तिच्या मांडीवरून माणिकला उचललं, खांद्यावर टाकलं आणि घाईघाईने दाराकडे निघाला.

माणिक गाढ झोपला होता.