माहनूरनं दाखवलेलं कोर्दोबा

माद्रिदला शिकणाऱ्या लेकीसोबत कोर्दोबाची जुनी मशीद बघायची, असं कुलसुमनं कधीपासून मनाशी धरलं होतं. पण ऐन वेळी गुडघ्यानं दगा दिला आणि ती मस्कतला, हमरियातल्या घरातच राहिली. एकटीच सहलीला गेलेल्या माहनूरनं मशिदीच्या दारातून व्हिडिओ कॉल लावला.

गाइड इंग्रजीत सांगत होती. कुलसुमला त्यातलं ओ की ठो कळेना.

"तूच सांग गो," ती म्हणाली.

माहनूर जराशी गडबडली. मग शब्द शोधत, अडखळत सांगू लागली. "अम्मी, हे खांब ना, खूप जुने आहेत. कुठून कुठून आणले. काही... बुटके होते. म्हणून कमानीवर अजून एक कमान बांधली. छप्पर उंच व्हायला." थोडं थांबून ती हळूच म्हणाली, "आत असं वाटतं, रत्नागिरीला आपल्या माडांच्या बागेत उभी आहे."

कुलसुमचा हात तोंडावर गेला. डोळे भरून आले. कॉल संपेपर्यंत ती जागची हलली नाही.

दुपारी दुकान बंद करून सिराज जेवायला आला, तेव्हा बायको अजून फोन छातीशी धरून बसलेली.

"एवढी देखणी आहे मशीद?" त्यानं विचारलं.

"मशीद बघितली कुणी?" कुलसुम म्हणाली. "मी नुसती ऐकत होते. जन्मात 'यस अम्मी, नो अम्मी'च्या पुढं न गेलेली आपली पोर आज तासभर माझ्याशी आपल्या भाषेत बोलली."