दुसरी रेघ

"हितंच उभा होतो मी," कुंडलिकमामा म्हणाला. रविनाने त्याच्या पायाशी काठी ठोकली. "आनि होडी उलटली ती तिकडं, त्या सुळक्याच्या नीट समोर." तिने दुसरी काठी सुळक्याच्या रोखाने, पाण्याच्या कडेला रोवली.

भातसा धरणाच्या पाण्यात तिचा धाकटा भाऊ हरेश परवा बुडाला होता. जाळं टाकायला गेला आणि वाऱ्याने होडी उलटली. तळाशी बुडालेल्या झाडांचं रान. गावची माणसं गळ टाकून टाकून थकली. एवढ्या पाण्यात शोधणार कुठं? शेवटी शेणव्याच्या शाळेत भूमिती शिकवणारी रविनाच उठली. पलीकडच्या काठावरून हिराबाईनेही होडी उलटताना पाहिली होती. तिच्यापाशी तशाच दोन काठ्या रोवून रविना नुकतीच परतली होती.

"एका रेषेनं नुसती दिशा कळते," तिने होडीवरच्या अनंताला सांगितलं. "मागं बघत चला. या दोन काठ्या एकामागे एक, एकच काठी असल्यासारख्या दिसल्या पाहिजेत. होडी हिराबाईच्या काठ्यांच्या रेषेत आली की ती लाल फडकं वर करील. जागा तीच."

वर्गात निघावा तसा तिचा आवाज स्पष्ट निघाला. त्याचीच तिला भीती वाटली.

होडी निघाली, तशी काठावर बसलेल्या आईने, सकुबाईने, तिची ओढणी धरली.

"नको गो. परत बोलव त्यांना."

"आई, असं काय करतेस?"

"सापडला नाय तवर कुठं ना कुठं हाय तो. लागला असंल कुठल्या काठाला. तुजी रेघ लागली म्हंजी संपला."

रविनाने हाक मारायला तोंड उघडलं आणि तसंच मिटलं. होडी बारीक होत गेली. हिराबाईची नजर चुकलेली असू दे, ती मनात म्हणत राहिली, चुकलेली असू दे.

पलीकडे लाल फडकं वर गेलं.

अनंताने गळ सोडला. दोर बराच वेळ सैल होता. मग ताठ झाला. अनंताने दोनदा ओढून पाहिला, दोर जडपणे वर सरकला, आणि तो खाली बसला. डोक्यावरची टोपी काढून त्याने मांडीवर ठेवली.

"मिळाल्या तुज्या रेघा?" सकुबाईने विचारलं.

पाण्यापलीकडे हिराबाईला अजून काहीच कळलेलं नव्हतं. दोन्ही हातांनी फडकं उंच धरून ती तशीच उभी होती.