रोबोटचा डावा हात

"आई, संध्याकाळपर्यंत विहाराच्या ग्रुपवर टाका हं, रोबोट एकदम चांगले आहेत म्हणून. तुमच्या शब्दावर बायका घेतील." खेळण्यांचा नवा धंदा मांडलेली सून, निकिता, सकाळी सांगून ऑफिसला गेली आणि चंपाताई "टाकते गं" म्हणून बसल्या.

तेव्हापासून त्यांनी तीनदा नमुन्याच्या, दुमडला की गाडी होणाऱ्या त्या इवल्याशा रोबोटची गाडी केली, आणि तिन्ही वेळा त्याचा डावा हात गाडीबाहेरच राहिला. त्या उठल्या, खिडकीपाशी गेल्या, परत येऊन बसल्या.

"चांगला आहे लिही, विषय संपला," बाबुराव पेपरामागून म्हणाले.

"अहो, खोटं बोलणार नाही असं रोज सकाळी बुद्धांसमोर म्हणते मी."

"मग खरं लिही, आणि सुनेला तूच तोंड दे."

चंपाताईंनी नखं घासायची कानस आणली आणि रोबोटच्या खांद्यावरचं जास्तीचं प्लॅस्टिक हळूहळू घासलं. हात टक्कन आत बसला.

"झालं! आता तरी लिही."



चंपाताईंनी फोन पालथा ठेवला, कॉटखालचं निकिताच्या मालाचं खोकं ओढलं आणि त्याच साच्यातल्या उरलेल्या एकोणचाळीस रोबोटांपैकी पहिला हातात घेतला.