लोकर बडवण्याचं टेबल

कॅनडातल्या केप ब्रेटन बेटाच्या खाडीवरून आलेला फिकट, दुधट उजेड खिडकीच्या काचेवर बराच वेळ रेंगाळला, चुलीवरच्या किटलीवरून ओघळला आणि अखेर त्या लांबलचक, रिकाम्या टेबलावर येऊन निजला. एके काळी याच टेबलावर सारा गाव गात गात ओलं लोकरी कापड घट्ट होईस्तोवर बडवीत असे.

हेक्टर आत्याकडून पूर्वजांची नावं पाठ करायला बसला होता.

"बाबा आले की त्यांना म्हणून दाखवीन," तो म्हणाला. वादळानंतर वडिलांची होडी परतलीच नव्हती. ती दुसऱ्या बंदराला लागली असेल, असं तो साऱ्यांना सांगे.

"आधी पाठ तर कर, विसरभोळ्या," पेगी आत्या म्हणाली आणि तिनं डोळे मिटले. "थोरला नील. स्कॉटलंडहून शिडाच्या जहाजानं आला."

धप्प. टेबलावर ओलं कापड आपटल्यासारखा आवाज झाला. टेबल रिकामंच होतं.

"त्याचा इवान. जंगल तोडून त्यानं हे घर उभं केलं."

धप्प.

"त्याचा फार्कर. बर्फातून दहा घरांचं धान्य पाठीवर आणलं."

धप्प. केवढी ही माणसं! हेक्टरच्या भीतीतही अभिमान दाटला.

"फार्करचा थोरला लॉक्लन, तुझा काका. कालच फोनवर माझ्याशी भांडला, भांडकुदळ कुठला."

टेबल गप्प राहिलं.

हेक्टरनं आत्याचा हात घट्ट धरला. "पुरे, आत्या."

"पिढी अर्धी सोडत नाहीत, बाळा. फार्करचा धाकटा रॉरी, तुझा बाप."

धप्प.

बाबा समुद्रात बुडाले होते.